गाडीखालचे लंगोट

तुम्ही हसाल, पण आमच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारला ऑईल कूलर मी घरीच, अंगणात बसवला. आमच्या कारंजा गावच्या उन्हात इंजिनाचं तेल फार तापायचं, आणि नवऱ्याने हौसेनं मागवलेला कूलर खोक्यातच पडून होता. इंजिनिअरिंगची पदवी माझी. पण लेक झाल्यापासून मी दुधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा दोनदा तपासते.

शेवटचा पाइप आवळला, तेवढ्यात शेजारचे गॅरेजवाले बब्बूभाई आले. "भाभी, एक जोड गळला ना, तं इंजिन जाम होईन. मंग माह्याचकडे येसान."

लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंनी री ओढली, "त्याहिलेच करू दे ना. तू कायले हात काळे करून राह्यली?"

"झाले आता काळे," मी म्हटलं.

मग मला जे जमतं ते केलं. लेकीचे पांढरे लंगोट प्रत्येक जोडाखाली अंथरले आणि इंजिन सुरू केलं.

बब्बूभाई हसत सुटले. "अवो भाभी, गाडी हाय का लेकरू?"

"ओलं केलं तर समजनच ना!"

इंजिन चांगलं तापल्यावर बंद केलं, लंगोट ओढून काढले आणि सरळ त्यांच्याच हातात दिले. "शोधा डाग."

त्यांनी उन्हात धरून, उलटेपालटे करून पाहिले. "कोरडे हायेत," ते पुटपुटले.

तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अवं, एक इकडे दे! हिनं माही साडी भिजवली!"

"बब्बूभाई," मी म्हटलं, "गाडीची गॅरंटी माही. हिची कोनीच देत नाही."