राखणीच्या गाडीचा सायलेन्सर

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आरंभीच नम्रपणे मान्य करतो. आयुष्यभर इतरांचे लिहिलेले वाचले. उतारवयात स्वतः कागदाला हात लावण्याचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. लाखनीला महामार्गालगत गॅरेज चालवणारे मिलिंद मिस्त्री यांनी काम करता करता जे सांगितले, ते शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवले आहे. ऐकण्यात काही निसटले असेल, तर तो दोष माझा.

माझा जन्म झाला तवा गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता, मंग जिल्हा तुटला, पण आमच्या घरी त्यानं काही फरक पडला नाही, बाबा राइस मिलमध्ये पोते उचलत होते ते उचलतच राहिले. दीक्षा घेतलेलं घर आमचं, आजोबाचं एकच म्हणणं, पोरगा शिकला पाहिजे, म्हणून मी भंडाऱ्याले आय.टी.आय. केलं, मोटार मेकॅनिक. लग्न झालं, सासरे एकटे पडले, म्हणून बायकोच्याच गावी, जंगलाच्या काठाले, राहाले आलो. घरजवाई. काय सांगू तुमाले, त्या गावातल्या साऱ्या बाया माझ्या सासवा नाहीतर साळ्या, टोमणा मारल्याबिगर कोणी चहा देत नाही. पण ते जाऊ द्या, गाडीचं सांगतो.

उन्हाळा लागला की आमच्याकडच्या बाया पहाटेच मोहाची फुलं वेचायले जंगलात जातात, माझी सुनंदाही जाते. मोह अस्वलालेही पाहिजे, आन् आता वाघही फिरून राहिला. वाकून वेचणाऱ्या माणसाले मागचं काही दिसत नाही. म्हणून गावानं देवरामले राखणीले ठेवलं, कास्तकारच आहे तो, पण त्याच्यापाशी रानवाटेनं चालणारी उंच, जुनी मोटरसायकल आहे. तो बायाइच्या भोवताल फेऱ्या मारते, जनावर दिसलं की सुतळी बॉम्ब फोडते. बॉम्ब वाजला की टोपली टाकायची आन् रस्त्याकडे पळायचं, एवढाच नियम. शिटी दूर जात नाही, फोनले रेंज नाही.

त त्या गाडीचा सायलेन्सर खालून सडला. कंपनीचा भेटे ना, म्हणून देवरामनं नागपुरातून दुसऱ्याच बनावटीचा, हलका, बसवून आणला. गाडी पळे मस्त, पण उतारावर थ्रॉटल सोडला की मागून फट्‌कन फुटे. पहिल्या दिवशी बाया पळाल्या, मोह पायाखाली गेला. दुसऱ्या दिवशीही पळाल्या. मंग अनुसयाबाई, म्हणजे सुनंदाची मोठी आई, तिची थोरली काकू, देवरामले म्हणे, काहो, राखण करता का दिवाळी करून राहिले? साऱ्या हासल्या. तवापासून फट् झालं तरी कोणी मान वर करे ना.

आन् एका सकाळी देवरामनं खराच बॉम्ब फोडला. नाल्यातून अस्वल वर येऊन राहिलं होतं. एकही बाई हालली नाही. त्यानं गाडी मधात घातली, बोंबलला, मरता काय ओ? तवा पळाल्या. अस्वल आपलं मोहाकडे वळलं, कोणाले काही झालं नाही. सुनंदा घरी आली, हातपाय धुतले, मले म्हणे, आमाले वाटलं गाडीच होय. एवढंच म्हणाली आन् चुलीवर भात ठेवला.

देवराम गाडी घेऊन आला, म्हणे, जुनाच सायलेन्सर शोध ना भाऊ. म्हटलं, तो नाही भेटत, आता हाच सुधरवावा लागते. काय होते, सायलेन्सर मोकळा झाला की धूर लवकर निघते, इंजिनात हवा जास्त होते, पेट्रोल कमी पडते, मंग ते पुरं जळत नाही, थ्रॉटल सोडला की उरलेलं तापल्या पाइपात जाऊन फुटते. जोडातून बाहेरची हवा शिरत असली त अजूनच. मी प्लग काढून पाहिला, पांढरा फटक, तो बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे. जोडाचं गॅस्केट बदललं, कार्बोरेटरमधला बारीक जेट काढून मोठ्या भोकाचा टाकला, म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हवेचा स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिलो. गाडीचा आवाज मी दाबला नाही. तो बायाइले ऐकू आला पाहिजे, राखण जवळ आहे हे त्यावरूनच समजते. फक्त फुटणं बंद कराचं होतं.

गाडी बरी झाली म्हणून सांगितलं त अनुसयाबाई म्हणे, जवाईबापू, तुमचं तोंड नाही ऐकत आमी, आमच्या कानाले ऐकू द्या. मंग साऱ्या बाया तलावाच्या पाळीखालच्या धानाच्या रिकाम्या बांधीत जमल्या, पाठ करून उभ्या राहिल्या आन् मोह वेचल्यासारख्या खाली वाकल्या. देवराम पाळीवर गाडी चढवे, उतरवे. पहिल्याच उतारावर एकदा फट् झालं. अनुसयाबाईनं वळूनही पाहिलं नाही, वाकल्या वाकल्याच म्हणे, फुटली. मी स्क्रू परत फिरवला. देवराम परत चढला, परत उतरला, कितीदा उतरला, गाडी काही फुटली नाही. तवा अनुसयाबाई म्हणे, आता बॉम्ब फोड रे देवराम, पण कवा फोडशील ते सांगू नको.

तो फेऱ्या मारत राहिला. बाया वाकून. आन् मधातच त्यानं बॉम्ब फोडला. साऱ्या पळाल्या, अनुसयाबाई लुगडं धरून सर्वांच्या पुढे. सुनंदा मात्र जागीच उभी झाली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मंग पळाली.

घरी विचारलं, काहून थांबली? म्हणे, मले वाटलं तुमचं काम अजून राहिलंच, आता बाया तुमाले बोलतील.

गाडी आता फुटत नाही, तिच्यात काही दोष नाही. दुसऱ्या बाया गाडीचा आवाज ऐकतात, सुनंदा माझं काम ऐकते, आवाज झाला की पळायच्या आधी थांबते, ते काही जेट बदलून जात नाही. घरी राहा म्हटलं त म्हणे, साऱ्या जातात, मीच कायले घरी राहू? तिचंही बरोबर आहे. ती पहाटे जाते, मी येऊन गॅरेज उघडतो, काम चालूच आहे. तुमी लिहून राहिले त वाचणाऱ्याइले माझं एक विचारून पाहा, त्याइच्या घरचं माणूस असतं, त त्याइनं उद्या सकाळी जाऊ दिलं असतं काय?