चिकटपट्टीखालचं अक्षर

गोल्फच्या दुकानात आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या दंतवैद्याने कॅटलॉगमध्ये दांड्यांचं पान उघडलं होतं (एस म्हणजे स्टिफ, कडक; एल म्हणजे लेडीज, सगळ्यात मऊ), पण कान समोरच्या जाळीपाशी होते. तिथे एक निवृत्त फौजदार आपल्या जुन्या स्टिकने चेंडू मारत होते. बायको पर्स सांभाळत शेजारी उभी होती आणि विक्रेता यंत्रावर चेंडूचं अंतर बघत होता.

"किती गेला?"

"एकशे चाळीस यार्ड, साहेब."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठणठणीत आहे. दांडी कडक पडतेय तुम्हाला. हात आता तेवढा जोरात फिरत नाही, म्हणून ती वाकतच नाही. जरा मऊ देतो."

"मऊ? अहो, अख्खं पोलीस स्टेशन मला चळचळा कापायचं!"

"दांडी नाही ना कापत, साहेब. ही घेऊन बघा."

"हिला ही चिकटपट्टी कशाला?"

"खरचटू नये म्हणून. मारा बिनधास्त."

फटका बसला.

"एकशे साठ!"

"बघितलंस? म्हणे हात फिरत नाही! हीच बांधून द्या. अरेच्चा, पट्टी निघाली की. एल? हे एल म्हणजे काय हो?"

"ते म्हणजे... ले..."

"लांब," बायको म्हणाली.

"वा! अगदी बरोबर नाव दिलंय. आणि माझ्या जुन्या स्टिकवर एस आहे, तो कशाचा?"

"सोंगाचा," बायको म्हणाली.

दंतवैद्याने कॅटलॉग मिटला आणि मांडीवरच्या स्वतःच्या स्टिकवर, बरोबर एसवर, हळूच ठेवला.