अप्लाइड, थँक्स

माझा घोळ ऐका. नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजातून इंजिनिअर झाले, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामाला जो तो अनुभव मागायचा. बाबांनी तर लातूरला क्लासमध्ये शिकवायची नोकरी बघून ठेवलेली. मग मी एका खुल्या, म्हणजे कुणीही दुरुस्ती सुचवू शकेल अशा सिस्टीममधली कीबोर्डची चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती त्या सिस्टीमच्या प्रमुखाला मेल केली. दोनच शब्दांचं उत्तर आलं, ‘अप्लाइड, थँक्स.’ अर्ज केल्याबद्दल आभार मानूनच तर प्रत्येक कंपनी नाकारायची! मी तो मेल डिलीट केला.

महिन्याभराने नांदेडला एका कंपनीत मुलाखत होती. साहेबांनी विचारलं, "अनुभव?"

"न्हाई, सर."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मग ही दुरुस्ती कुणाची? नाव तर तुमचंच आहे."

"पाठवली मीच होती सर, पण त्यांनी नाकारली."

"अहो, अप्लाइड म्हणजे सिस्टीममध्ये घेतली! आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर तीच चालू आहे. सोमवारपासून कामावर या."

मी तशीच बाहेर आले. सोबत आलेले बाबा बाकावरून उठले. "काय म्हणले? पुन्हा अनुभवच मागितला का?"

"न्हाई बाबा. मला अनुभव हाय, असं म्हणून राहिलेत."

"कधी आला?"

"तेच तर मला कळून न्हाई राहिलं."