पीटररावांचे नातलग

लेस्टरच्या बसमध्ये सुलभाताईंच्या पुढच्या सीटवर एक आजी आणि नात बसल्या होत्या. त्यांचं बोलणं सुलभाताईंच्या कानावर पडत होतं.

"आजी, डीएनए टेस्टमुळे डॅडचे कझिन्स सापडले! ग्रँडपा हंगेरीतून पळून आले ना, त्यांचा भाऊ मागे राहिला. त्याची मुलं. डॅड सकाळपासून रडतोय आणि हसतोय."

"अगं बाई! तुझ्या आईच्या लग्नात पीटररावांच्या बाजूची एकही खुर्ची भरली नव्हती. बिचारे म्हणाले, माझं कुणीच नाही."

"ते ईस्टरला येतायत. पण प्रॉब्लेम आहे. ईस्टर मंडेला तिकडचे पुरुष रीत म्हणून बायकांच्या अंगावर पाणी ओततात."

"माझ्यासुद्धा?"

"तू नको म्हण ना. त्यांना राग नाही येणार."

"नको का म्हणू? इतक्या वर्षांनी व्याह्यांकडचे येतायत! फक्त पाणी कोमट करून घ्या म्हणावं."

"आजी!"

"आणि बादली आपली मोठी दे त्यांना."