रंजीताचे उंदीर

—हाव हाव, बसा न सुकलूभाऊ, खुर्चीवर बसा, खाली नका बसू, कॉलेजात तसं चालत नाई. सकाळच्याच बसनं निघाले असान – धानोऱ्याहून गडचिरोली, मंग सावली, मूल – लांब पडते चंद्रपूर. पाणी? नाई? बरं. तर तुमची रंजीता दवाखान्यात आहे, तुम्ही लोकाइले दुखण्यावर जे मूळ देता तेच तिनं मूठभर खाल्लं, गाढ झोपली आहे, हलवलं तरी उठत नाई. अन् डॉक्टरनं तुमाले माह्याकडं धाडलं, का अतुल सरले विचारून या, त्या मुळानं उंदराइले काय झालं होतं. विष असंल तर उतारा देतो म्हणते, पण उतारा जड आहे, उगाच देल्ला तर तोच जीव घेईल. एवढंच न? सांगतो. त्याचा फोन आलता मले, पण अनोळखी नंबर मी उचलत नाई.

पण आधी एक ध्यानात घ्या – तिले मूळ खायले मी सांगतलं नाई. तुम्ही गावात चिमूटभर देता, ज्याचा गुडघा दुखते त्याले. इथी चिमूट चालत नाई. इथी उंदराच्या वजनावर डोस बसते. काहीले कमी, काहीले मधला, काहीले जास्ती, काहीले नुसतं पाणी. मंग त्याले गरम तव्यावर सोडाचं अन् पाहाचं, चटका लागून पाय केव्हा चाटते. जितका उशीर, तितकं दुखणं कमी. तुमची पोट्टी त्या तव्याजवळ उभी राहून रडे. फार्मसी शिकाले आली अन् उंदरासाठी रडे. मी म्हटलो, काऊन व रंजीता, तुमच्या गावात तर शिकारीले जातात न? सारे पोट्टे हसले. तीबी हसली थोडी. मजाक असते, वर्गात चालते.

आता गुण होता मुळात, मी कुठी नाई म्हणतो? कमी डोसनं काही नाई, मधल्या डोसनं उंदीर तव्यावर आरामात उभा. अन् जास्ती डोसनं दुखणं आणखी कमी झालं नाई, नुसती गुंगी. पोट्टीचं म्हणणं होतं का सर, मधल्यावरच थांबू, माहा बाप त्याच्यावर देतच नाई. मी म्हटलो, तुह्या बापाले विचारून विज्ञान चालत नाई. दे जास्ती. देल्लं तिनं. मंग परीक्षेले बाहेरचे सर आले, तिचं काम पाहून खूश, अन् सगळ्याइसमोर विचारते – मधल्या डोसनंच काम झालं, तर वरचा डोस देल्ला काऊन? पोट्टी काय म्हणाली माहीत आहे? "सरनं सांगतलं." बस. दोन शब्द. पूर्ण हॉल माह्याकडं पाहून राह्यला. इतक्या वर्षाची माही नोकरी, अन् एक जंगलातली पोट्टी बोट दाखवते.

मंग मी म्हटलो, पुन्हा कर. आणखी वरचा डोस, रोज, नळीनं घशात. मान धरून उंदीर सरळ धराचा, नळी हळू आत घालाची. हात थरथरला का नळी पोटात जात नाई, फुप्फुसात जाते, उंदीर हातातच बुडून मरते. अन् तिचा हात थरथरे, कारण मी बाजूले उभा राहो. नाई, थांबवलं नाई. अशानंच शिकते माणूस. रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागते – एकदम देल्लं तर पोट्टी पळून गेली असती. उंदीर, उंदीर म्हणतो मी.

तर मेले, तिच्या हातातच. वरच्या डोसमंधी मेले म्हंजे मूळ विषारी, हिशोब सरळ आहे. सेमिनारमंधी तिच्याच तोंडून सांगाले लावलं – माह्या वडिलाचं औषध विष आहे. दोनदा सांगाले लावलं, पहिल्यांदा मागच्याइले ऐकू गेलं नाई. व्हिडिओबी मीच टाकला ग्रुपवर. तो तुमच्या गावात पोचंल, आशावाली कमला चौकात लोकाइले दाखवंल, लोक तुमच्या अंगणात येऊन म्हणतील का तुह्याच पोरीनं सांगतलं तू विष वाटत फिरते – हे मले काय माहीत? अन् पोट्टीनं तुमचा मुळाचा डबा उघडून सगळ्याइसमोर मूठ भरून खाल्ली म्हणता. "पाहा, मरते का मी." असा तमाशा कोणी सांगतला होता?

तर डॉक्टरले सांगा, विष आहे. सरनं तसंच सांगतलं म्हणा. मी तसं संशोधनाच्या मासिकात छापून देल्लं आहे, आता उलटं बोललो तर लोक मलेच हसतील. उतारा द्याचा का नाई ते त्यानं पाहावं.

हट्टी आहे भाऊ तुमची पोट्टी. पहिल्यापासून. परीक्षेच्या आधी तो पहिला वरचा डोस देल्ला न, तेव्हाबी सारे उंदीर आडवे पडले, श्वास हळू, हलवले तरी उठेनात. मी म्हटलो गेले, फेक. नाई फेकले. कापसात गुंडाळले, बल्बखाली ठेवले, अन् बसली बाजूले, कोंबडी बसते तशी. मी सगळ्याइले बोलावून दाखवलं, पाहा रे, उंदराची माय. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर लेकाचे उठून दाणे खाऊन राह्यले. एकबी मेला नव्हता. मले असा राग—

उठले काऊन?

बसा न. काय म्हटलो मी? विष म्हटलो. तेवढंच सांगाचं. ते पहिले उंदीर वेगळे, ते उठले हे मी कुठी लिहिलंच नाई – फोन कोणाले लावून राह्यले? डॉक्टरले? सुकलूभाऊ, ठेवा तो फोन. उंदीर अन् माणूस एक असते का? ठेवा म्हणतो न. अरे, आपण बोलून राह्यलो, मधातच – माहं नाव नका घेऊ त्याच्याजवळ. ऐकून राह्यले का तुम्ही?

…बरं. बाहेर जाऊन बोला. अन् दार लावून घ्या, एसी चालू आहे.