योगिनीच्या शोधाचे पेढे

पंचवटीत मिठाईच्या रांगेत माझ्यापुढे पिंपळगावचे एक वडील आणि त्यांची संशोधक लेक उभी होती.

"अण्णा, पेढे नकोत. लग्न झालेल्या लेकीचे पेढे म्हटल्यावर गाव विचारेल, योगिनीला मुलगा झाला का?"

"मग बर्फी घेऊ."

"मग मुलगी झाली म्हणतील. मला शोधनिबंधाचं कौतुक हवंय, बारशाचं नाही."

"बरं, त्यात हाय काय ते तरी सांग."

"जखम झाली की शरीराच्या रक्षक पेशी धावून येतात, म्हणून सूज येते. काम झाल्यावर त्यांना परत कोण पाठवतं, ते मी शोधलं."

"लय भारी! मग पेढेच. कुणी मुलगा का विचारलं, की बसवून हेच सांगतो."

"ऐकतील?"

"निम्मे पळतील."

"आणि बाकीचे?"

"सुजलेले गुडघे घेऊन तुझ्याकडं येतील. सुट्टी वाढवून घे."