खदानीत राहिलेला माणूस

आमी वडार, आमचं कुठलं एक गाव सांगू तुमाला, जिथं दगड तिथं आमची पालं. माहा जलम पाथरीकडचा. लगीन झालं तवा निजामाचं राज व्हतं, आन सासरची मंडळी राणीसावरगावाकडं एका गावच्या विहिरीसाठी दगड काढायली व्हती. गावाभायेर माळावर खदान, खदानीच्या काठाला आमची सात-आठ पालं. नवरा माहा दगडातला लय जाणता. घण घालायच्या आधी दगडावर तळहात ठिवून बसायचा, मंग सांगायचा हितं मारा, आन दगड तिथंच फुटायचा, सासरा बी त्याचं ऐकायचा.

एका सकाळी तो पहार घिऊन खाली कपारीत शिरला आन वरची शिळा सरकली. आवाज असा की गावातले लोक पळत आले. धुरळा बसला तवा बघितलं, कपारीचं तोंड बंद, हात जाईल एवढी फट राहिलेली, आन आतून त्याचा आवाज, मी हाय म्हनं, पाय आडकलेत.

काय सांगू तुमाला, सासऱ्यापुढं मी कव्हा तोंड उघडलं नव्हतं. पर तवा फटीपाशी पालथी पडले आन सगळ्यायदेखत बोलत ऱ्हायले. पदर भिजवून आत सोडायचे, तो चोखायचा. पाटलानं बैलं आणली, सहा जोड्या, दोर तुटले, शिळा हालली न्हाई. सासरा म्हनला, शंकऱ्या, आता फोडतो. तर आतून तो म्हनला, बा, घण लावू नका, वरची दुसरी शिळा हिच्यावरच टेकलीय, ही फुटली की ती खाली येईल, दहा माणसं जातील. सासरा म्हनला मी एकटाच मारतो. तो म्हनला एकट्यानं फुटायची न्हाई बा, तुला ठावं हाय. सासऱ्याच्या हातात घण तसाच ऱ्हायला. मी त्याच्या पाया पडले, मारा म्हनलं, मारा. सगळे खाली बघत उभे. लय बोलले मी त्या लोकायला, नको नको ते बोलले, आता वाईट वाटतं.

दुसऱ्या दिशी कपारीत झरा फुटला. मला वाटलं बरं झालं, त्याला प्यायला पाणी झालं. त्यानंच सांगितलं, पाणी चढायलंय. तवा मी सांगितलं, मला दिवस गेलेत, लाजंनं बोलले न्हाई इतके दिवस. तो हासला. खरं सांगते, हासला. म्हनला, लेकराला दगडाच्या कामात घालू नको. फटीतून बोटं वर केली, माही बोटं धरली. दुपार टळल्यावर ती ढिली पडली. मी सोडली न्हाईत, सासूनं सोडवली.

पाणी खदानभर झालं, काम बंद पडलं. आमी पालं उचलली आन निघालो, त्याला तिथंच ठिवून. असं कुणी जातं का वो आपल्या माणसाला सोडून? पर गेलो. पुढं पोरगी झाली. मी जलमभर दगड फोडले, तिला दगडाला हात लावू दिला न्हाई. पेडगावला दिली, शेतात राबते, मी तिच्यापाशीच असते.

आता ती खदान बुजवून तिथं घरकुलं बांधायलेत म्हनं. जावई म्हनला, मामी, अर्ज करू का, थांबवू का काम? मी म्हनलं नको. त्या गावानं त्याच्यासाठी बैलं जुंपली व्हती. बांधू द्या. चुली पेटतील, लेकरं रांगतील त्याच्या डोक्यावरून. त्या घरातल्या बायायचे मालक सांजच्याला रोज घरी येऊ देत, दुसरं काय मागू?